सगळं घर तुझंच हाय

आत्या, परवा तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली. तुझा जन्म, तुझं शिक्षण, इंग्रजी विभागातली तुझी नोकरी, सगळं एका कागदावरून वाचून दाखवलं. मग तुझ्या बरोबरीचे एक निवृत्त सर उठले आणि म्हणाले, "मॅडमनी भावासाठी हसत हसत सगळ्याचा त्याग केला." मी दुसऱ्या रांगेत होते, शेजारी माझा भाऊ, धनाजीदादा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं, आणि दोघांनाही एकदमच हसू आलं. मी पदर तोंडाला लावला. मागच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तुला खरं सांगू? तू गेलीस तेव्हापासून मला सुटल्यासारखं वाटतंय. हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. भेटायला येणारी माणसं म्हणतात, फार अचानक गेल्या हो, तुम्हाला केवढा धक्का बसला असेल. मी मान हलवते. तुझी आठवण येते, पण तिच्या खाली कुठंतरी स्वस्थ वाटत असतं. मधल्या काळात मला एकच भीती होती. दादा आणि मी एकमेकांशी बोलत नाही, अशातच तू जाशील. आणि हे आपल्यामुळं झालं, असं मनात धरून जाशील. तसं झालं नाही. तू गेलीस तेव्हा आम्ही दोघं एका बाकावर बसून एका कपातला चहा वाटून घेत होतो.

बारावीनंतर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला तुझ्याकडं साताऱ्याला ठेवलं ते मला आवडलं नव्हतं. तुझ्या दोन खोल्या भाड्याच्या, खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा आणि घरभर पुस्तकं. गावात तुझं कौतुक व्हायचं, "आमची आक्का कॉलेजात इंग्लिश शिकवती." पण गावातल्या बायकांची कुजबूजही मी ऐकलेली होती, की लग्न न झालेल्या बाईकडं पोरगी ठेवली तर तीही तशीच होईल. तशी मी झाले नाही. माझं लग्न झालं, सांगलीला आले, हायस्कूलात शिकवायला लागले. पण तुझ्या वर्गात बसले ती तीन वर्षं माझ्यातून काही गेली नाहीत.

तू त्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या शिकवायचीस. चार-पाच बहिणी, शेजारच्या वाड्यात नवा भाडेकरू, नाचाचे समारंभ, पत्रं, गैरसमज आणि शेवटी लग्न. आम्ही मुली सुखावून ऐकायचो. पहिल्याच आठवड्यात तू पुस्तक मिटलंस आणि म्हणालीस, "पोरींनो, या लग्नाच्या कादंबऱ्या वाटतात तुम्हाला. या छपराच्या कादंबऱ्या आहेत. बाप मेला की या मुलींच्या डोक्यावरचं छप्पर कुणाचं, एवढाच यातला प्रश्न आहे."

मग तू समजावून सांगितलंस. बापाला मुलीच असल्या तर इस्टेट मुलींना मिळायची नाही. ती जायची कुठल्या तरी लांबच्या चुलतभावाला, ज्याचं तोंडही मुलींनी बघितलेलं नसायचं. म्हणून आई बिचारी वेड्यासारखी प्रत्येकीचं लग्न जमवत फिरायची, आणि वाचणारे तिलाच हसायचे.

"तुमच्या गावात असं असतं का?" तू विचारलंस.

"नाही मॅडम," आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो.

"बरं. तुमच्यातल्या कितीजणींच्या आईच्या नावावर माहेरची जमीन आहे?"

एकही हात वर झाला नाही. मग जतकडची एक मुलगी होती, मागं बसायची, कधी बोलायची नाही. ती उठून म्हणाली, "मॅडम, आमच्या आईनं सोडून दिली. मामाला."

"का गं?"

"माहेर ऱ्हावं म्हणून."

तू तिला बसायला सांगितलंस. खिडकीतून बाहेर बघितलंस आणि म्हणालीस, "मग कशाला एवढ्या लांब इंग्लंडात जायचं आपण?" आम्ही हसलो. तू हसली नाहीस, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण का ते कळायला मला अजून दोन वर्षं लागायची होती.

आयरनी या शब्दाला तू कधी मराठी प्रतिशब्द दिला नाहीस. गाइडात 'उपरोध' लिहिलेलं असायचं, ते तू खोडायला लावायचीस. म्हणायचीस, "उपरोध करणाऱ्याला माहीत असतं आपण टोचतोय. इथं माणूस अगदी सरळ मनानं एक वाक्य बोलतो, त्याला वाटतं आपण चांगलंच बोललो, आणि ऐकणाऱ्याला त्यातून भलतंच काहीतरी ऐकू येतं. तुमच्या घरातली वाक्यं ऐका. तिथं सापडेल."

मी ऐकायला लागले आणि सापडलंच. शेवटच्या वर्षाला दिवाळीत गावी गेले होते. अण्णा पाहुण्यांना सांगत होते, "माझ्या बहिणीसारखी बहीण न्हाई मिळायची. आमचं वडील, आबा, गेल्यावर एका शब्दावर तिनं सही केली. चहा निवायच्या आत हक्कसोड झाली बघा."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. मला मात्र त्यातून भलतंच ऐकू आलं. साताऱ्याला परत आले ती तुझ्याशी भांडतच आले. तू साडीला इस्त्री करत होतीस. मी बॅगही खाली ठेवली नव्हती.

"तू सही केलीस?"

"केली."

"आणि आम्हाला काय शिकवतेस?"

तू इस्त्री उभी ठेवलीस. "मला पेपर तपासायचेत, वैशे."

"तुझं सगळं शिकवणं खोटं आहे," मी म्हणाले.

हे वाक्य मी बोलले. वीस वर्षांची होते, पण बोलले ते बोलले. तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. डबा मात्र चारही दिवस भरून दिलास, आणि चौथ्या दिवशी त्यात शेंगदाण्याची पोळी होती. ते भांडण आपण पूर्ण असं कधी केलंच नाही. नंतर वर्षानुवर्षं मधूनमधून त्यातला एखादा तुकडा उकरून काढायचो, तू दाबलेला की मी दाबलेला ते ठरायचं नाही, आणि मग कुणीतरी चहा ठेवायला उठायचं.

अण्णा गेले तेव्हा मी पंचेचाळिशीत होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दादा माझ्याजवळ येऊन बसला. त्याला बोलायचं होतं ते त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. म्हणाला, "वैशे, कागद तयार करून ठेवलाय. सोमवारी इस्लामपूरला यायचं. तुला घाई असंल तर लगेच सोडतो." त्याच्या आवाजात कसलाही दगा नव्हता. जसं देवाला नारळ आणायला सांगावं तसं त्यानं सांगितलं. आणि मी, जी तुला खोटी म्हणाले होते, मी म्हणाले, "येते."

का म्हणाले? मला नोकरी होती, सांगलीत स्वतःचा फ्लॅट होता. दादानं अण्णांचं सगळं केलेलं, उसाला पाणी त्यानं दिलेलं. आणि रक्षाबंधनाला मला उंबऱ्यावर उभं राहायचं होतं. जतच्या त्या मुलीचं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, फक्त मी ते उच्चारलं नाही.

तुला फोन केला तो विचारायला नव्हे, सांगायला. तू एवढंच विचारलंस, "किती वाजता?"

"अकराला."

"बरं."

सोमवारी निबंधक कार्यालयात मी आणि दादा बाकावर बसलो होतो. दोन साक्षीदार बाहेर तंबाखू मळत होते. आणि दारातून तू आलीस. एसटीनं आली होतीस, साताऱ्याहून, त्या वयात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. दादा उठून उभा राहिला.

"आत्ते, तू कशाला आलीस एवढ्या लांब?"

"ऐकायला आले," तू म्हणालीस आणि दस्त लिहिणाऱ्या भाऊसाहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसलीस. "भाऊसाहेब, वाचून दाखवा की. मोठ्यानं."

ते भले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, "सदर मिळकतीतील माझा वारसा हक्क मी माझ्या बंधूवरील प्रेमापोटी, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कायमचा सोडून देत आहे."

"अगदी माझ्या वेळचंच वाक्य," तू म्हणालीस. "एक शब्द बदललेला नाही. मलाही तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, मी खूश आहे का म्हणून." मग माझ्याकडं वळलीस. "वैशे, हा उतारा परीक्षेत आला असता तर काय लिहिलं असतंस?"

मला रडू यायला लागलं. मी म्हणाले, "आत्या, त्याचं खरंच माझ्यावर प्रेम आहे."

"असू दे की. मी कुठं नाही म्हणते? पण प्रेम आहे तर त्याला स्टँपपेपर कशाला लागतो?"

दादा लाल झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तुला 'तू' म्हटलं नाही. "आत्या, तुमी मधी पडू नगा. तुमी स्वतः सही केली न्हवं? मग हिच्या वेळी का आडवं येताय?"

"केली, म्हणूनच आले," तू म्हणालीस. तुझा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता, बारीक झाला होता. "धना, तुला दोन पोरीच आहेत. तुझ्या माघारी त्यांनी कुणाच्या नावानं सोडायचं रे? तुझ्या चुलतभावाच्या पोरांच्या?"

दादा बाहेर निघून गेला. तेवढ्यात आतून माझा नंबर पुकारला. फोटो काढायचा होता, अंगठा मशीनवर ठेवायचा होता. दुसऱ्यांदा पुकारला. मी उठले नाही. भाऊसाहेबांनी कागद घडी करून माझ्यासमोर सरकवला आणि हळूच म्हणाले, "ताई, राहू द्या आज."

त्यानंतरची दोन वर्षं तुला माहीत आहेत. दादानं माझे फोन घेतले नाहीत. मी पाठवलेली राखी वहिनीनं गुपचूप देवघरात ठेवली आणि मला तसं सांगितलं. गावातून निरोप यायचे, की मास्तरणीनं भाऊ सोडला आणि बांध धरला. सातबारावर माझं नाव दादाच्या नावाखाली होतं, पण मी त्या रानाकडं फिरकले नव्हते. आणि मी काय केलं? ज्या एका माणसावर राग काढणं सोपं होतं त्याच्यावर काढला. एका रविवारी मी तुला फोनवर म्हणाले, "तुझ्या नादानं माझं माहेर गेलं." तू म्हणालीस, "हो गं. माझ्या नादानं."

त्या 'हो'नंतर मी फोन ठेवला, आणि तेव्हापासून माझी ती भीती सुरू झाली.

तू मात्र दर दिवाळीला गावी जात राहिलीस. दादा तुला स्टँडवरून आणायचा, जेवायला वाढायला सांगायचा आणि स्वतः रानात निघून जायचा. तू त्याच्या पोरींची इंग्रजीची उत्तरं तपासून परत साताऱ्याला यायचीस.

आणि मग एका दुपारी तुझा फोन आला. तुझ्या आवाजात असं काहीतरी होतं की मी वर्गातून बाहेर आले. "धना येऊन गेला," तू म्हणालीस.

झालं होतं असं. दादा विहिरीकडच्या रानाला दगडी बांध घालून घेत होता. चुलतभाऊ तिथं आला आणि सहज म्हणाला, "कशाला एवढं करतोस गड्या, शेवटी आमच्याच पोरांनी कसायचं हाय." वाईट मनानं म्हणाला नव्हता. गावात सगळेच जे धरून चाललेले असतात तेच तो बोलला. दादा घरी येऊन गप्प जेवायला बसला. वहिनीनं विचारलं, त्यानं सांगितलं. आणि थोरली, अकरावीतली ऋतुजा, ताटावरून म्हणाली, "म्हंजे पप्पा, आमाला पण सांगलीच्या आत्यागत कागदावर अंगठा लावाय नेणार का कोन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साताऱ्याला तुझ्या दारात होता. तू मला सांगितलंस, तो आधी पायरीवरच बसून राहिला. मग म्हणाला, "आत्ते, तुझं बी नाव घालता येतंय का बघूया?" आणि तू पोट धरून हसलीस. "अरे बाबा, माझा कागद रजिस्टर झाला तेव्हा तू हाफ चड्डीत होतास."

ते हसून झाल्यावर तू त्याला ती गोष्ट सांगितलीस, जी मला एवढ्या वर्षांत कधी सांगितली नव्हतीस. पुढच्या आठवड्यात मी आले तेव्हा मलाही सांगितलीस, त्याच्या समोर.

आबा गेले तेव्हा तू अठ्ठावीस वर्षांची होतीस. दोन स्थळं मोडली होती. अण्णांनी तुला कोल्हापुरात एम. ए. करू दिलं होतं, भावकीचं ऐकून घेऊन. त्यांनी सही मागितली तेव्हा नाही म्हणावं असं तुझ्या मनात आलंही नाही. सही करून बाहेर आल्यावर तू एवढंच म्हणालीस, "अण्णा, ती पुढची खोली माझी म्हणून ठेव. कधी आले तर." आणि अण्णा म्हणाले, "अगं येडे, एक खोली काय मागतीस? सगळं घर तुझंच हाय."

"त्या एका वाक्यानं माझी खोली गेली," तू म्हणालीस. "सगळं घर माझं म्हटल्यावर एक खोली मागायची कशी? पुढं तिथं तुझ्या बापानं खताची पोती ठेवली. मी दर दिवाळीला स्वयंपाकघरात झोपायचे. पण खोटं बोलला नव्हता हं तो. मनापासून बोलला होता. ते वाक्य मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, नाव न घेता. म्हणून तर शिकवू शकले." मग माझ्याकडं बघून म्हणालीस, "तू खोटं म्हणालीस तेव्हा मला वाईट याचं वाटलं, की तुला उत्तर द्यायचं तर तुझ्या बापाचं हसं करावं लागलं असतं."

दादानं मान खाली घातली होती. मी तुझा हात धरला. माफी तेव्हाही मागितली नाही मी. तोंडापर्यंत आली आणि तू म्हणालीस, "पोहे खाणार का?"

म्हणून आज मागते. आत्या, तुझं शिकवणं खोटं नव्हतं. तू जे स्वतः करू शकली नव्हतीस ते आम्हाला निदान ओळखता यावं म्हणून बत्तीस वर्षं उभी राहून बोललीस. आणि दुसरं, माझं माहेर तुझ्या नादानं गेलं नव्हतं. गेलंच नव्हतं ते. थोडं लांबून आलं, एवढंच.

पुढचं सगळं हलकं होतं. दादानं रानातला माझा तुकडा मोजून वेगळा केला, त्या पुढच्या खोलीतली पोती काढली, चुना दिला, खिडकीला जाळी बसवली आणि गाडी घेऊन तुला न्यायला आला. तू गेलीस, पुस्तकांची दोन खोकी घेऊन. दोन महिने राहिलीस आणि कंटाळलीस! देवळातला लाउडस्पीकर, सकाळी सातला गप्पा मारायला येणाऱ्या बायका, वहिनीचं 'आत्याबाई, अजून एक भाकरी'. मला फोन करून म्हणालीस, "मी साताऱ्याला चालले. खोली माझी आहे ना? मग मी कुलूप लावून जाणार." आणि खरंच लावलंस. दादा दारात उभा राहून हसत होता, असं वहिनी सांगते.

तुझ्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला तेव्हा आम्ही आळीपाळीनं येत होतो. तू गेलीस त्या दिवशी नेमके दोघंही आलो होतो आणि तुला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं तू दादाला म्हणालीस, "ऋतुजाला इंग्रजी घ्यायला लावू नकोस, तिला हिशेब आवडतात." मला म्हणालीस, "तू जा, डबा खाऊन घे." आम्ही बाहेर आलो, चहा घेतला. परत आत गेलो तोवर तू डोळे मिटले होतेस. नर्स म्हणाली, शांत गेल्या. मला ते पटलं, कारण तुझ्या कपाळावरची ती पेपर तपासतानाची आठी गेलेली होती.

अग्नी दादानं दिला, शेजारी ऋतुजा उभी होती. कुणीतरी पुटपुटलं, पोरीचं काय काम. दादानं मागं वळूनही बघितलं नाही.

आज सकाळी दादाचा फोन आला. शाळा भरायला वेळ होता, मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते.

"वैशे, ऊसतोडीची टोळी आलीया. तुझ्या तुकड्यातला ऊस आज तुटंल. खोडवा राखायचा का रान मोडायचं?"

म्हणजे तोडलेल्या उसाला पुन्हा फुटू द्यायचं की नांगरून नवीन लागण करायची. एवढं मला कळतं. त्यापुढचं काही कळत नाही.

"तूच ठरव की दादा. मला काय कळतंय त्यातलं?"

"रान तुझं हाय. मी कसा ठरीवणार?" तो वैतागला होता, अगदी लहानपणी माझा अभ्यास घेताना वैतागायचा तसा. मागं कोयत्यांचा आवाज येत होता. "लवकर सांग. ट्रॅक्टरवाला इचारतोय."

"रविवारी येऊन बघते आणि सांगते."

"ये. सँडल घालून येऊ नगंस, पाचट लय हाय, पाय कापत्यात."